अंगणात शिरलेली शर्यत

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक घरी आले, चहा प्याले आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "मास्तर, तुमच्या काळी प्रेक्षक शर्यतीतल्या गड्यांना किती प्रेमानं प्रोत्साहन द्यायचे, त्यावर लिहा. वाचणाऱ्यांना बरं वाटेल." त्यांना काय जातंय सांगायला! प्रोत्साहन हा शब्द ऐकला की माझं टाळकं सणकतं. एका हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी ह्या प्रोत्साहनाला आवर घालण्यात गेली. शर्यतीत लबाडी करणारे मला फारसे भेटलेच नाहीत. भेटले असते तर बरं झालं असतं. लबाडाला शिट्टी मारता येते, त्याचा कान धरता येतो. मायेनं तांब्या पुढे करणाऱ्या म्हातारीचं काय करणार?

गोष्ट चाळीसच्या दशकातली. आमचं हायस्कूल कृष्णाकाठी, तालुक्याच्या गावी. दर वर्षी माघाच्या सुमाराला आम्ही लांब पल्ल्याची शर्यत घ्यायचो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे गडी यायचे, कुणी शिरवळहूनही यायचा. मधली दोन-तीन वर्षं, म्हणजे बेचाळीसच्या धामधुमीत, सगळं बंद होतं. त्या काळात चार तरणे गडी रस्त्यानं पळताना दिसले की त्यांच्यामागं पोलीस पळत, आणि त्या शर्यतीला पंच लागत नसे.

माझं काम वाटेवरच्या पंचाचं. ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला बार काढणारे आणि शेवटी हार घालणारे मानकरी वेगळे असतात, त्यांचे फोटो निघतात. वाटेवरचा पंच आदल्या दिवशी सगळा रस्ता पायी बघतो, वळणावर चुन्याची फक्की मारतो, शर्यतीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून सायकलवरून पुढं-मागं हिंडतो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो. नियम तीनच होते. रस्ता सोडायचा नाही. ठरल्या जागेशिवाय पाणी घ्यायचं नाही. कुणाची मदत घ्यायची नाही. एक जरी मोडला तरी गडी बाद. ह्यात न कळण्यासारखं काय आहे, मला सांगा. पण आमच्या भागातल्या एकाही गावाला ते कधी कळलं नाही.

लढाईमुळं साखर रेशनवर होती, पण गुळाला आमच्याकडं काय तोटा! वाटेवरच्या प्रत्येक गुऱ्हाळातून माणूस धावत बाहेर यायचा, हातात गरम काकवीची वाटी. पळणाऱ्या गड्याच्या तोंडाला ती वाटी लागायची, गड्याची जीभ पोळायची, मी शिट्टी मारायचो आणि गुऱ्हाळवाला मलाच म्हणायचा, "मास्तर, तुमी बी घ्या की वाईच. सायकल हानून दमला असशिला." दुसऱ्या एका गावात बाया घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि माघाच्या थंडीत सकाळी सकाळी पळणाऱ्याच्या डोक्यावर घागर उपडी करायच्या. आटपाडीकडचा एक गडी एकदा भिजून तसाच रस्त्यात उभा राहिला आणि त्या बाईशी भांडायला लागला. "मावशे, ह्येवढ्या पान्यात आमचं घर चार दिस काढतंय, आन तू रस्त्यावर वतत्यास व्हय?" तिनं त्याला दुसरी घागर घरी न्यायला दिली. ती खांद्यावर घेऊन तो पुढं पळाला. मी त्याला बाद केला तर म्हणाला, मदत कुठं, वझं दिलंय तिनं.

बैलगाडीवाल्यांचं तर सांगूच नका. मागून येणारा गाडीवान म्हणायचा, "दमलंय बिचारं," आणि सरळ गड्याला बखोटीला धरून गाडीत घ्यायचा. गडी नको नको म्हणायचा. गाडीवान म्हणायचा, "आरं बस, मास्तर न्हाई बघत." मास्तर मागंच सायकलवर असायचा.

पण ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे अंतर सांगायची रीत. आमच्याकडं दमलेल्या माणसाला खरं अंतर सांगणं हा अपराध आहे. तुम्ही कुठल्याही वाटेवर विचारा, गाव किती लांब, उत्तर ठरलेलं, "ह्ये काय, आलंच की. त्या चिंचंच्या पल्याड." चिंच गेली, ओढा गेला, माळ गेला, गावाचा पत्ता नाही. पायी जाणाऱ्याचं ह्यात काही बिघडत नाही. पळणाऱ्याचा मात्र घात होतो. आता आलंच म्हणून तो बेफाम पाय उचलतो आणि अर्ध्या वाटेत आडवा होतो. एका म्हाताऱ्याला मी चिडून विचारलं, की बाबा, चार मैल बाकी असताना 'आलंच' काय म्हणता? त्यानं मला वर-खाली बघितलं. "आवं मास्तर, तोंडाला फेस आलेल्या मानसाला कुनी खरं सांगतं व्हय? तुमास्नी पोरंबाळं हायती का न्हाईत?"

बरं, गावकरी अडाणी म्हणावेत, तर पळणारे तरी शहाणे असायला नकोत? आमचे गडी अनवाणी पळायचे. बाभळीचा काटा मोडणं नित्याचं. एका वर्षी पहिला आणि दुसरा पुढं निघून गेले होते. मी वळण ओलांडून बघतो तर दोघेही बांधावर बसलेले. पहिल्याचा पाय दुसऱ्याच्या मांडीवर, आणि दुसरा बाभळीच्याच काट्यानं त्याचा काटा कोरतोय. तेवढ्यात तिसरा त्यांना ओलांडून पुढं गेला. मला वाटलं, चला, एकाला तरी अक्कल आहे. तर तो पन्नास पावलांवर थांबला, मागं वळला आणि ओरडला, "निघाला का रं?" ते म्हणाले, टोक राहिलंय. तर हा परत आला, कारण त्याच्या कमरेच्या करगोट्याला काटा काढायचा चिमटा होता.

त्या वर्षीचा पहिला, म्हणजे ज्याच्या पायात काटा होता तो, दौलत. आणि काटा काढणारा, साताऱ्याच्या बांगड्यावाल्या मणेरांचा बाबालाल. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ह्या दोघांसारखे पळणारे मी पाहिले नाहीत. बाबालाल नाजूक, हलका, पावलाचा आवाज न करणारा. दौलत हाडापेरानं मोठा, लष्करातून लढाई करून परत आलेला, पलटणीत पळून पळून पाय तयार झालेले. शेतात त्याचं मन लागत नव्हतं. मला म्हणायचा, "मास्तर, एकदा पुन्याच्या मैदानात पळून बघायचं हाय. मग नांगर हाय आन मी हाय."

पुण्याला प्रांताच्या संघासाठी निवड व्हायची. तिथं गडी पाठवायला आमच्या शर्यतीला मान्यता नव्हती. ती मिळावी म्हणून मी किती खेटे घातले, ते सांगत बसत नाही. शेवटी ठरलं की पुण्याहून एक निरीक्षक येतील, शर्यत डोळ्यांनी बघतील आणि ती नियमानं झाली असेल तर पहिल्या गड्याला पुण्याला नेतील. आले बिचारे. आणि त्या वर्षी काय झालं?

इथं दौलतच्या सासुरवाडीची ओळख करून द्यायला हवी. शर्यतीची वाट जायची एकीकडून आणि यायची दुसरीकडून. येतानाच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात दौलतच्या सासऱ्याचं गाव. सासऱ्याला सगळे तात्या म्हणत. पिळदार मिशा, ऊस चांगला, शब्दाला पक्का. शर्यतीत जावई पहिला येतोय म्हटल्यावर तात्यांनी रस्त्यावर घोंगडं अंथरलं. हो, घोंगडं! दौलतला धरून त्यावर बसवलं, सासूनं ओवाळलं, तोंडात पोळीचा घास भरला, तात्यांनी नवा फेटा बांधला. दौलत हात जोडून म्हणत होता, "तात्या, सोडा, शर्यत हाय," आणि तात्या म्हणत होते, "शर्यत कुठं पळून चाललीया? जावई दारावरनं तसाच गेला तर गाव थुकंल आमच्या तोंडावर." फेटा बांधलेला दौलत पहिला आला आणि मी त्याला बाद केला. पुण्याचे साहेब गाडीला बसून निघून गेले.

गावात मला कुणी चहा विचारीना. पण मी तरी काय करणार होतो? नियम मी जावयांसाठी वेगळा करू?

साहेब मोठ्या मनाचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायला तयार झाले. म्हणाले, ही शेवटचीच खेप. दौलतचंही वय थांबून राहणार नव्हतं. त्यालाही ठाऊक होतं की हे वर्ष गेलं की पुणं गेलं. म्हणून मी शर्यतीआधी पंधरा दिवस सायकल काढली आणि वाटेवरच्या गावागावांतून हिंडलो. देवळाच्या पारावर माणसं जमवायची आणि हात जोडून सांगायचं: बाबांनो, पाणी देऊ नका. गूळ देऊ नका. अंगाला हात लावू नका. अंतर खोटं सांगू नका. लांबून ओरडा हवं तर, पण जवळ जाऊ नका. माणसं माना डोलवायची, मग एखादा विचारायचा, "पर ताक चालंल न्हवं?"

तात्यांच्या गावात मात्र मला बोलावंच लागलं नाही. तात्याच उठून उभे राहिले. जावयाचं नुकसान आपल्या मायेनं झालं हे त्यांनी वर्षभर मनाला लावून घेतलं होतं. "मास्तर," ते म्हणाले, "औंदा ह्या गावात जावयावर बालंट येनार न्हाई. पानी न्हाई, हात न्हाई. हितं वारंसुदिक हालनार न्हाई. माझा शबूद."

मी समाधानानं सायकलवर बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं.

आता अजून एक सांगायला हवं. दौलतची बायको शेवंता तेव्हा माहेरी होती, बाळंतपणाला, दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला मूल गेलं होतं आणि शेवंता जाता जाता वाचली होती. दौलत त्या वेळी लढाईवर. त्याला ते चिठ्ठीतून कळलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. तेव्हापासून त्याच्या मनात ती धास्ती कायमची घर करून बसली होती. शर्यतीच्या सकाळी मैदानात पायाला तेल चोळताना मी त्याला विचारलं, घरचं कसं काय. तर म्हणाला, "चार दिस झालं सांगावा न्हाई, मास्तर." मी म्हटलं, सांगावा नाही म्हणजे सगळं ठीक. पळ.

शर्यत सुटली. साहेब टांग्यात बसले होते, पेट्रोलच्या रेशनमुळं मोटार मिळाली नव्हती. मी सायकलवर. आणि काय सांगू तुम्हाला, अशी शर्यत मी आयुष्यात पाहिली नव्हती. गुऱ्हाळवाले दारात उभे राहून हात हलवत होते, वाटी कुणाच्या हातात नव्हती. घागरीवाल्या बायांनी घागरी पालथ्या घातल्या होत्या. गाडीवानांनी गाड्या बांधाला लावल्या होत्या. दौलत आणि बाबालाल पुढं, खांद्याला खांदा लावून. साहेब टांग्यातून म्हणाले, "मास्तर, शिस्त वाखाणण्यासारखी आहे." माझी छाती फुगली. बारमाही पडशाचं माणूस आहे मी, पण त्या थंडीत मला घाम आला आनंदानं.

आणि तात्यांचं गाव आलं.

दौलत आणि बाबालालच्या मागं मी फार तर हाकेच्या अंतरावर असेन. वेशीतून आत शिरताच मला कसंतरी वाटलं. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं होतं आणि कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. पुरुष हात मागं बांधून, माना खाली घालून. बायांनी तोंडात पदराचे बोळे धरलेले. कुत्रं भुंकलं तर एकानं त्याला दाबून धरलं. एवढी माणसं आणि पळणाऱ्यांची पावलं तेवढी वाजतायत. आमच्याकडं माणसं रस्त्यावर अशी कधी उभी राहतात हे सांगायची गरज नाही. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. माझा पाय आपसूक पायडलवरून सुटला.

नंतर कळलं ते असं. तात्यांनी नुसतं पाणी आणि हात बंद केले नव्हते. त्यांच्या मनानं घेतलं की ओरडणं म्हणजेही मदतच, आणि जावयाच्या बाजूनं ओरडलो असं कुणी म्हटलं तर पुन्हा बालंट. म्हणून त्यांनी गावाला ताकीद दिली, की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, जावयाच्या डोळ्याला डोळाही द्यायचा नाही. ओरडल्याशिवाय राहवणार नाही म्हणून बायांनी पदर तोंडात कोंबले होते. मी एवढं कुठं सांगितलं होतं? 'लांबून ओरडा हवं तर' हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो होतो! पण आमच्या लोकांचं सगळंच असं. ऐकायचं नाही तर अजिबात नाही, आणि ऐकायचं म्हटलं की सांगणाऱ्याच्याही पुढं जायचं.

दौलतचा वेग मंदावला. तो ह्या बाजूला बघतोय, त्या बाजूला बघतोय. सासू समोरच होती. जावई घामानं निथळतोय, ओठ सुकलेत आणि आपल्याला घोटभर पाणी देता येत नाही, ह्यानं त्या माउलीच्या डोळ्यांना धार लागली होती. तिला रडताना बघून दौलत जागच्या जागी थांबला.

"तात्या," तो म्हणाला, "काय झालं?"

तात्यांनी मान फिरवली. शबूद दिला होता ना! त्यांचेही डोळे भरून आलेले.

"तात्या, शेवंता कशी हाय?"

तात्या गप्प. मिशी तेवढी थरथरली.

दौलतनं मोठ्यानं एक हाक मारली, "शेवंता!" ती हाक मला आजही नको वाटते. आणि रस्ता सोडून तो बोळात शिरला, तात्यांच्या घराकडं. तात्यांना वाटलं, जावई शर्यत सोडून चालला, पण अडवावं तर हात लागणार. ते नुसते दोन्ही हात हवेत नाचवत त्याच्यामागं धावले.

बाबालालला आता मोकळं रान होतं. दीड-दोन मैल फार तर राहिले होते. पुढं कुणी नाही, पुण्याची वाट त्याच्यासाठी उघडी. त्यानं काय करावं? तो थांबला. कमरेचा रुमाल सोडून डोक्याला गुंडाळला, कारण उघड्या डोक्यानं असल्या घरी जाऊ नये, आणि दौलतच्या मागोमाग बोळात गेला. मी ओरडलो, "अरे, तू कुठं?" तर म्हणाला, "मास्तर, मयताच्या घरावरनं पळत कसं जायाचं?"

मागून एकेक गडी येत गेला आणि थांबत गेला. वेशीपाशी कुजबूज व्हायची, "दौलतची बायकू गेली," आणि गडी रस्ता सोडून बोळात. आटपाडीचा तो घागरवाला गडीही त्यात होता. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी विचार करत नव्हतं. मी शिट्टी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. मयताच्या दारात शिट्टी वाजवणारा माणूस अजून आमच्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. थोड्या वेळात सगळी शर्यत तात्यांच्या अंगणात माना खाली घालून उभी होती. मागून टांगा आला. साहेब उतरले, आत डोकावले, काय झालं असावं ते समजले आणि त्यांनीही डोक्यावरची हॅट काढून हातात धरली.

दौलत सोप्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आत जायचं त्याला धाडस होत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या परड्याच्या दारातून शेवंता आली. पोट एवढं मोठं, हातात सूप, सुपात तूर. तिला तात्यांनी रस्त्यावर यायची बंदी केली होती, नवरा बघून थांबेल म्हणून. ती रागानं परड्यात तूर पाखडत बसली होती. अंगणात एवढे घामेजलेले बाप्ये बघून तिनं पदर सावरला.

"आगं बया! कुनाचं काय झालं वं?"

दौलतनं मान वर केली. तो तिच्याकडं नुसता बघत राहिला, आणि मग एवढा मोठा गडी, पलटणीतला, सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडायला लागला. शेवंताला काही उमजेना. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं.

"आवं, मी जिती हाय की!" ती कडाडली. "हितं काय बसलाय? रस्ता तिकडं हाय. उठा! पळा!" आणि बाकीच्यांकडं सूप उगारून, "तुमी बी! कुनाच्या घरी तोंड घ्यून आलाय रं शर्यत सोडून?"

तात्या तोंड दाबून उभेच होते. माझा संताप आता टाळक्यात गेला. मी ओरडलो, "तात्या, बोला आता तरी काहीतरी!"

"बोलू?" तात्या म्हणाले. "मागनं म्हनू नगासा, मास्तर, मदत केली म्हून."

सगळे धडपडत रस्त्यावर आले. आता तरी पळतील की नाही? नाही. त्यांच्यात वाद सुरू झाला. बाबालाल म्हणे, दौलत माझ्या पुढं होता, तो आधी निघू दे. दौलत म्हणे, मी थांबलो, तुझा हक्क. तिसरा म्हणे, तुम्ही दोघं गावात होता तेव्हा मी ओढ्यावर होतो, तुम्ही लिंबापर्यंत जा, मग मी निघतो. चौथा मागं मागं चालत वेशीपर्यंत गेला आणि तिथनं ओरडला, "मी हितं हुतो!" एकेक गडी आपापली जागा आठवून, मागं जाऊन उभा राहिला. एकानंही पाऊलभर पुढची जागा सांगितली नाही. मी पंच असून कुणाला काही विचारावं लागलं नाही. साहेब माझ्याकडं बघत होते आणि मी सायकलच्या घंटीकडं बघत होतो.

मग तात्यांनी हात वर केला आणि गावाचा बांध फुटला. सगळ्या सकाळचा दाबून धरलेला आवाज एकदम बाहेर आला. पदराचे बोळे उडाले, पोरं झाडांवर चढली, सासू घसा फोडून ओरडत होती, "आलंच की वं जावईबापू, त्या बांधाच्या पल्याड!" दीड-दोन मैल राहिले होते. दौलत सुटला तो असा, की सायकलवरून त्याला गाठताना माझ्या फुफ्फुसाचा भाता झाला. बाबालालही हटला नाही. मैदानात दौलत एका हाताच्या अंतरानं पहिला आला आणि दोघेही फक्कीवर आडवे झाले.

बार उडाला, हार आले, फोटोवाला पुढं सरसावला. साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज बदलला होता. "मास्तर," ते म्हणाले, "मी एवढंच बघायला आलो होतो की शर्यत नियमानं होते का. रस्ता सोडला तर बाद, हा नियम तुमचा आहे. पंच तुम्ही आहात. तुम्ही जे सांगाल ते मी पुण्याला कळवीन."

हा माणूस मला वाट काढून देत होता, हे न कळण्याएवढा मी मूर्ख नव्हतो. एक वाक्य पुरलं असतं. शर्यत नियमानं झाली. दौलत पुण्याला गेला असता.

मी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो. समोर सगळे गडी. ह्यांनीच बांधावर बसून एकमेकांचे काटे काढले, ह्यांनीच आज मागं जाऊन स्वतःच्या खऱ्या जागा सांगितल्या. त्यांच्यासमोर मी खोटं बोलू? एवढी वर्षं गावागावांतून बोंबलत हिंडलो, अंतर खोटं सांगू नका म्हणून, ते काय स्वतः खोटं बोलण्यासाठी? मला दौलतचा राग आला, तात्यांचा आला, साहेबांचा तर फारच आला.

"रस्ता सोडला," मी म्हणालो. "सगळे बाद."

हारवाल्यानं हार मागं लपवला. तात्या साहेबांच्याच टांग्यातून मैदानात येऊन पोचले होते, ते तिथंच खाली बसले. बाबालालनं मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. दौलत जमिनीवरून उठला, अंगाची फक्की झटकली आणि माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हा मला मारणार, आणि मारलं तर मी हात उचलणार नव्हतो.

"दौलत..." एवढंच मी म्हणालो.

तो हसत होता. डोळे अजून ओले होते आणि तो हसत होता. माझ्या दंडाला धरून म्हणाला, "बाद तर बाद, मास्तर. त्याचं काय येवढं? आवं, ती जिती हाय की!"

आणि अंगात सदराही न घालता तो परत तात्यांच्या गावाकडं पळत सुटला.